दिवा लागला म्हणजे पिटो तापली असं नाही

मागच्या अंकात मी घरी बांधलेल्या विमानातल्या हीटरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की विमानाचा वेग मोजणाऱ्या पंखाखालच्या पिटो नळीत बर्फ साचू नये म्हणून असलेला हीटर चालू आहे की नाही हे पायलटला बसल्या जागी कळलं पाहिजे, बस, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतोय. मी मिनेसोटात राहतो, दोन सीटचं आरव्ही-९ए स्वतः बांधलंय आणि बारा महिने उडवतो, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं हात गारठवून शिकलेलं आहे.

प्रश्न : मी शिकागोजवळ आरव्ही-७ बांधतोय. पॅनेलवर पिटो हीटचा स्विच बसवला, शेजारी छान हिरवा दिवा लावला, स्विच टाकला की दिवा लागतो. माझा बिल्डर मित्र म्हणतो या दिव्याला काही अर्थ नाही. खरंच का? आणि नाही तर काय लावू? (एक वाचक, इलिनॉय)

मित्राचं ऐका. तुमचा दिवा स्विचनंतरच्या तारेवर जोडलाय ना, मग तो फक्त इतकंच सांगतो की स्विचपर्यंत व्होल्टेज आलं. तिथून पुढे पंखातून बारा-पंधरा फूट तार जाते, मध्ये पंखाच्या मुळाशी कनेक्टर, मग नळीतलं एलिमेंट, मग परतीचं ग्राउंड. यातलं काहीही तुटलं तरी तुमचा हिरवा दिवा तितक्याच आनंदाने जळत राहणार.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. पहिल्या हिवाळ्यात, जानेवारीत, बाहेर उणे १८ होतं, उड्डाणाआधी मी पिटोवरचं कव्हर काढलं, स्विच टाकला, दिवा लागला, अर्ध्या मिनिटाने बाहेर जाऊन ग्लोव्ह काढून बोटाची पाठ नळीला लावली. नळी कोमट होती. चटका बसायला हवा होता, आणि ती नुसती कोमट, चहा विसरून ठेवलेल्या कपासारखी. उड्डाण रद्द केलं, पंखाखालचं झाकण उघडून मीटर लावला तर बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि नळीच्या कनेक्टरवर आठ. साडेचार व्होल्ट वाटेत गायब! शोधत शोधत ग्राउंडच्या लगपर्यंत (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीपर्यंत) पोचलो, तो मी पंखाच्या आतल्या रिबवर, म्हणजे सांगाड्याच्या पत्र्यावर, स्क्रूने आवळला होता पण खालचा प्रायमरचा रंग नीट खरवडलाच नव्हता, त्यामुळे धातूला धातू लागतच नव्हता धड. करंट त्यावेळी ५ अँपिअर. साडेचार गुणिले पाच म्हणजे साडेबावीस वॅट त्या एका लगमध्ये जळत होते, आपल्याकडे रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जे छोटं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न असतं ना, जवळजवळ तेवढी उष्णता, पंखाच्या आत, तारेच्या शेजारी. लगवरचं प्लास्टिक तपकिरी होऊन चुरगळलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं की दिवा स्विचवर नाही, करंटवर चालला पाहिजे. आता माझ्या पिटोचं ग्राउंड वेगळ्या तारेने थेट केबिनमधल्या कॉमन ग्राउंडला येतं, पंखाच्या पत्र्यावर मी आता त्यासाठी विसंबत नाही.

तर काय लावायचं. सगळ्यात सोपं म्हणजे जे आधीच आहे ते वापरा. तुमच्या पॅनेलवर करंट दाखवणारा आकडा असणारच, आजकालच्या बहुतेक इंजिन मॉनिटरवर असतो. पिटोचा स्विच टाका आणि आकडा किती उडी मारतो ते बघा. गार नळीला सुरुवातीला जास्त करंट लागतो, कारण एलिमेंट गार असताना त्याचा रेझिस्टन्स कमी असतो, तापलं की वाढतो आणि करंट उतरतो. माझ्याकडे सुरुवातीला १२ च्या आसपास, मिनिटभरात जमिनीवर साडेसहा, आणि हवेत गार वारा लागला की परत ९. तुमची नळी वेगळी असेल तर आकडे वेगळे येतील, म्हणून टेस्ट फ्लाइटच्या तासांतच ते मोजून वहीत लिहून ठेवा. नंतर कधी ९ च्या जागी ५ दिसले की लगेच डोक्यात घंटा वाजेल.

पण आकडा बघायला माणसाने बघावं लागतं, आणि ढगात शिरताना हातात दहा कामं असतात. म्हणून दिवाही हवा. आणि दिवा लावायचाच तर हिरवा नको, पिवळा लावा, आणि उलटा लावा, म्हणजे करंट *नसताना* जळणारा. न लागलेला हिरवा दिवा कुणाच्या लक्षात येत नाही, जळणारा पिवळा डोळ्यात खुपतो. हे माझं डोकं नाही हं, मोठ्या विमानांचा नियमच तसा आहे. १ डिसेंबर १९७४ ला नॉर्थवेस्ट ओरिएंटचं ६२३१ नंबरचं बोइंग ७२७ न्यूयॉर्कहून बफेलोला एक फुटबॉल टीम आणायला रिकामं निघालं होतं, आत फक्त तिघं क्रू. पिटो हीट चालूच केली नव्हती. वर चढताना नळ्या गोठल्या आणि वेगाचा काटा वाढतच चालला. पुढचं भोक आणि पाणी निथळायचं भोक दोन्ही बर्फाने बंद झाली की आतली हवा कोंडली जाते, बाहेरचा दाब उंचीबरोबर कमी होत जातो, आणि वेगाचा काटा अल्टिमीटरसारखा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या काट्यासारखा वागायला लागतो, चढाल तसा वेग जास्त दाखवतो. त्यांना वाटलं विमान फार जोरात चाललंय, नाक वर ओढलं, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल संपली, न्यूयॉर्क राज्यात स्टोनी पॉइंटजवळ पडलं, तिघंही गेले. त्यानंतर १९७८ मध्ये अमेरिकेत नियम आला की पिटो हीट बंद असेल *किंवा* चालू असून एलिमेंट काम करत नसेल, दोन्ही वेळी पायलटच्या नजरेसमोर पिवळा दिवा लागला पाहिजे. यातला "बंद असेल" हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्या दिवशी हीटर बिघडलेला नव्हताच, स्विच टाकायचाच राहिला होता. आपल्या एक्स्पेरिमेंटल, म्हणजे घरी बांधलेल्या विमानांना हा नियम लागू नाही. पण का आला ते माहीत असताना तो न पाळण्याचं मला तरी एकही कारण दिसत नाही.

करंटवर चालणारा दिवा करायचे मार्ग बरेच आहेत. काही बाजारातल्या हीटेड पिटोंना स्वतःचा कंट्रोलर डबा असतो, तो नळीचं तापमान सांभाळतो आणि एक अलार्मची तार देतो, ती सरळ ईएफआयएसला (पॅनेलवरच्या डिजिटल पडद्याला) जोडता येते. व्हर्टिकल पॉवरच्या व्हीपी-एक्ससारखा इलेक्ट्रॉनिक फ्यूजचा डबा बसवणार असाल तर तो प्रत्येक सर्किटचा करंट दाखवतो आणि चालू केलेल्या सर्किटमधून करंटच जात नसेल तर ओरडतो. हे दोन्ही नको असेल तर करंट मोजायचा शंट लावा, किंवा हॉल सेन्सर, किंवा रीड स्विच, शेवटच्या दोघांबद्दल खालच्या प्रश्नात लिहिलंय. उन्हाळ्याच्या दुपारी माझा पिवळा दिवा सबंध फ्लाइटभर जळत असतो, त्याला डिमर लावलाय, मला त्याचा त्रास होत नाही. काही जण ईएफआयएसमध्ये बाहेरचं तापमान ५ अंशांच्या खाली गेलं तरच इशारा असं लावतात, तेही चालेल, फक्त तापमानाचा सेन्सर एक्झॉस्टच्या वाटेत नसावा.

आणि एक, दिवा नीट असला तरी आपलं विमान बर्फात उडायला बनलेलं नाही. पंखावर बर्फ काढायची काही सोय नाही, प्रॉपवर नाही. पिटो हीट फक्त चुकून अडकलात तर बाहेर पडेपर्यंत वेग खरा दिसावा म्हणून. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ गेलं, २२८ माणसं, तिथे तर हीटर चालू होते, तरी बर्फाच्या कणांनी नळ्या थोडा वेळ बंद केल्याच. म्हणून वेगाचा काटा खोटा वाटला तर कुठल्या पॉवरला आणि नाकाच्या कुठल्या कोनाला आपलं विमान सरळ उडतं हे पाठ असू द्या, माझ्याकडे ते पॅनेलवर चिठ्ठी चिकटवून ठेवलंय.

प्रश्न : सर, मी नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हा करंटचा मॉनिटर प्रोजेक्ट म्हणून करता येईल का? विमान तर माझ्याकडे नाही. (एक विद्यार्थी)

विमान कशाला लागतंय, जुन्या गाडीचा ६०/५५ वॅटचा हेडलाइट बल्ब आण आणि एक १२ व्होल्टची बॅटरी. ५५ वॅटची एक फिलामेंट लावलीस की करंट साधारण ४.६ अँपिअर, दोन्ही एकदम लावल्यास साडेनऊच्या वर. झाला तुझा पिटो हीटर, तोही गार असताना जास्त करंट ओढणारा.

आता रीड स्विच घे, काचेची छोटी नळी, आत दोन पात्या, चुंबक जवळ आला की चिकटतात. त्याच्या डेटाशीटमध्ये अँपिअर-टर्न लिहिलेले असतात, समजा २०. म्हणजे काचेभोवती तारेचे जितके वेढे गुणिले करंट २० च्या वर गेला की स्विच लागणार. जाड इन्सुलेटेड तार पेनाच्या रिफिलवर गुंडाळून कॉइल कर, मग रिफिल काढून आत रीड सरकव, रीडवरच डायरेक्ट गुंडाळायला जाऊ नकोस, काच फुटते, माझ्या दोन फुटल्यात. चार वेढे दिलेस तर एका फिलामेंटवर १८.४ होतात, रीड लागणार नाही (सुरुवातीच्या गार झटक्याला क्षणभर लागला तर तो लगेच सुटतो का ते बघ). पाच वेढे दिलेस तर २३, लागेल. एक वेढा वाढवला आणि उत्तर बदललं, हे स्वतःच्या हाताने करून बघण्यात जी मजा आहे ती सिम्युलेशनमध्ये नाही. कॉइलचा व्होल्टेज ड्रॉप जवळपास शून्य, आणि कॉइलच्या सर्किटमध्ये बिघडण्यासारखं काही नाहीच, तो तारेचाच तुकडा आहे, रीड मेला तरी हीटर चालूच राहतो. मला हे डिझाइन याच कारणासाठी आवडतं.

पण त्याची एक मर्यादा नीट समजून घे, ती तुझ्या रिपोर्टमध्ये यायलाच हवी. रीड एकदा चिकटला की सुटायला करंट बराच खाली यावा लागतो. वर मी जी माझी गोष्ट सांगितली, ५ अँपिअरवाली, तिथे चार वेढ्यांचा रीड चिकटूनच राहिला असता आणि दिवा म्हणाला असता सगळं ठीक. म्हणजे पूर्ण तुटलेलं तो पकडतो, अर्धवट आजारी असलेलं पकडत नाही. त्यासाठी आकडा हवा. एसीएस७१२ ही हॉल सेन्सरची, म्हणजे करंटच्या चुंबकीय क्षेत्रावरून करंट मोजणारी चिप सगळीकडे मिळते, २० अँपिअरवाली घे, ५ व्होल्ट सप्लायवर शून्य करंटला ती २.५ व्होल्ट देते आणि दर अँपिअरला १०० मिलिव्होल्ट वाढवते, म्हणजे ८ अँपिअरला ३.३ व्होल्ट. तो आकडा आर्डुइनोवर वाच. स्विच टाकल्यावर पहिलं मिनिट सोडून दे, नंतर ठरवलेल्या रेषेखाली गेला तर पिवळा एलईडी. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लाव आणि मध्ये मुद्दाम एक सैल जोड कर, कोण पकडतं कोण नाही याचा तक्ता हाच तुझा प्रोजेक्ट. आणि कॉइलजवळ मोबाइलमधलं होकायंत्र ठेवून बघ सुई किती हलते, विमानात ही कॉइल कंपासपासून लांब का ठेवतात ते कळेल. कर आणि मला कळव, मनापासून वाट बघतोय.

प्रश्न : माझा मुलगा मिशिगनला असतो, मित्राबरोबर दोन सीटचं विमान बांधलंय, रोटॅक्स का काहीतरी इंजिन आहे. आता म्हणतो थंडीसाठी विजेवर तापणारं जॅकेट घालून उडणार, विमानाच्याच बॅटरीवर. मला काही सुचत नाही, इथे निफाडला पारा उतरला की आम्ही शेकोटी करतो, पण अंगावर वायर लावून आकाशात? (एक आई, जि. नाशिक)

ताई, तुमची काळजी रास्त आहे, पण जॅकेट ही त्यातली वाईट गोष्ट नाही, उलट मला बरंच वाटलं वाचून. ही जॅकेटं मोटरसायकलवाले वर्षानुवर्षं वापरतात, १२ व्होल्टवर चालतात, त्याचा शॉक बसत नाही. भीती असते ती एका जागी जास्त तापून कपडा करपण्याची, आणि तसं होतं ते तार घडी पडून किंवा सीटबेल्टच्या बकलखाली चेंगरून आतून तुटायला लागली की. त्याला सांगा जॅकेटसाठी वेगळा फ्यूज हवा, ओढलं की पटकन सुटेल असा कनेक्टर हवा, आणि दर थंडीच्या सुरुवातीला जॅकेट चालू करून सगळीकडे हात फिरवून बघायचं कुठे एकच ठिकाण जास्त गरम लागतंय का.

दुसरं, त्याला एक हिशोब विचारा, तो इंजिनियर असेल तर त्याला आवडेल. रोटॅक्स ९१२ यूएलएसचा जनरेटर जेमतेम २५० वॅटचा, साधारण १८ अँपिअर. दोघांची दोन जॅकेटं प्रत्येकी ६ धरली तर १२ तिथेच गेले. त्यात पिटो हीट १० ची. झाले २२, अजून रेडिओ, पडदे, दिवे मोजलेच नाहीत. कमी पडलेलं बॅटरीतून जातं आणि बॅटरी गुपचूप रिकामी होत राहते. म्हणून त्याच्या पॅनेलवर बॅटरीत करंट जातोय की बॅटरीतून निघतोय हे दाखवणारा आकडा हवा आणि व्होल्टेज १३ च्या खाली आलं की इशारा हवा. जनरेटर गेला तर पहिलं काय बंद करायचं, तर जॅकेट.

आणि आता खरी विचारायची गोष्ट. या छोट्या विमानांत केबिन गरम करायची नेहमीची पद्धत म्हणजे इंजिनच्या धुराच्या नळीभोवती पत्र्याचा डबा बसवून त्यातली तापलेली हवा आत सोडायची. त्या नळीला बारीक चीर गेली की धूर केबिनमध्ये येतो, त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, माणसाला आधी डोकं जड वाटतं आणि मग झोप. विजेचं जॅकेट असलं की तो हीटर बंद ठेवता येतो, म्हणून मला बरं वाटलं म्हटलं. तरी त्याला एवढंच विचारा, "बाळा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलायस का, बॅटरीवर वाजणारा?" रंग बदलणारी स्वस्तातली टिकली नको म्हणावं, ती बघायचं भान तोवर उरत नाही. वाजणारा हवा.

प्रश्न : कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान आम्ही २०१६ ला बीकेसीत 'मेक इन इंडिया'मध्ये पाहिलं होतं, तेव्हापासून या विषयाची गोडी. पण आपल्या हवेत पिटो हीट लागते का हो? (एक वाचक, पुणे)

छोट्या विमानाला बहुतेक दिवस नाही. दर हजार फुटांना साधारण २ अंश उतरतात, आणि पावसाळ्यात महाराष्ट्रावर शून्य अंश यायला १६-१८ हजार फूट चढावं लागतं, तिथे ही विमानं जातच नाहीत. हिमालयाकडे गोष्ट वेगळी.

आपल्याकडे पिटोचा खरा शत्रू म्हणजे कुंभारीण माशी. बोटाएवढ्या भोकात चिखल भरून घर करते. ६ फेब्रुवारी १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेलं बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात पडलं, १८९ लोक गेले, आणि तपासात वेग चुकीचा दिसण्याचं सगळ्यात संभाव्य कारण हेच निघालं की उभ्या विमानाच्या नळ्यांवर कव्हर नव्हती आणि एकीत माशीने घर केलं. हीटरने चिखल वितळत नाही, नुसता भाजला जातो. कव्हर घाला, लाल लांब पट्टीचं, लगेच दिसणारं. आणि हीटरची चाचणी करायच्या आधी ते काढा, कव्हर ठेवून स्विच टाकला की कापड नळीला चिकटून बसतं आणि मग ते भोकातून टोकरून काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

प्रश्न : टोरांटोजवळ आमचं विमान थंड हँगरमध्ये असतं. इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या सम्पखाली चिकटवायचा हीटर लावलाय, घरून फोनवरून रात्री चालू करतो, सकाळी उडतो. दोनदा असं झालं की ॲप म्हणत होतं चालू आणि इंजिन थंडगार. (एक वाचक, ऑन्टारिओ)

म्हणजे शिकागोवाल्यांचा हिरवा दिवाच तुमच्या फोनमध्ये बसलाय. ॲपला प्लगमधला रिले माहीत आहे, हीटर माहीत नाही. दमट हँगरमध्ये जीएफसीआय सॉकेट (करंट गळला की आपोआप बंद होणारं) रात्रीतून ट्रिप होतं, किंवा एक्स्टेन्शन कॉर्ड कुणीतरी स्वतःच्या बॅटरी चार्जरसाठी काढून घेतो, आणि प्लग जर त्याच्या आधीच्या सॉकेटवर असेल तर फोनला पत्ताच नाही. वॅट दाखवणारा स्मार्ट प्लग घ्या. हीटर ३०० वॅटचा असेल तर ३०० च्या आसपास दिसलं पाहिजे, शून्य दिसलं तर बिछान्यातूनच कळेल. आणि एक तापमानाचा सेन्सर इंजिनवर, पण सम्पवर नको, तो तर तापणारच, वर क्रँककेसवर (इंजिनाच्या मधल्या धातूच्या खोक्यावर) किंवा सिलिंडरच्या बुडाशी लावा.

तिथे का, तर लायकमिंग ही इंजिन बनवणारी कंपनी साधारण उणे १२ च्या खाली प्रीहीट (सुरू करण्याआधी गरम) करायला सांगते ते नुसतं तेल पातळ व्हावं म्हणून नाही. क्रँककेस ॲल्युमिनियमची आणि क्रँकशाफ्ट स्टीलचा, ॲल्युमिनियम थंडीत स्टीलच्या जवळपास दुप्पट आकसतं, त्यामुळे बेअरिंगमधली फट आवळली जाते. तेल गरम आणि वरचं केस गार असं इंजिन चालू केलंत तर तेलाचा काटा छान दिसेल आणि बेअरिंग घासत असेल. म्हणून कौलिंगवर, म्हणजे इंजिनावरच्या झाकणावर, जाड गोधडी टाका, नाकाची भोकं बुजवा, म्हणजे खालची ऊब वर चढते.

आणि हीटर आठवडाभर सलग चालू ठेवू नका. नुसता सम्प गरम राहिला की तेलातलं पाणी वाफ होऊन वरच्या गार भागांवर बसतं, लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट नेमका वरच्या बाजूला असतो, त्यावर गंज चढतो. उडायच्या आदल्या रात्री लावा. सकाळी निघण्याआधी फोनवर दोनच गोष्टी बघा, वॅट किती आणि वरच्या केसचं तापमान किती. केस १० अंशांवर आलं असेल तर गाडी काढा, नसेल तर अजून एक चहा घ्या आणि परत बघा.